हजर असून गैरहजर
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, आज मी तुम्हाला अशा एका गावाविषयी सांगणार आहे, जे आता नाही. गावाचं नाव अल-बिरवा. पॅलेस्टाईनच्या गॅलिली भागात, अक्का शहराच्या पूर्वेला नऊ-दहा किलोमीटरवर ते वसलं होतं. इ. स. 1047 मध्ये फारसी प्रवासी नासिर खुस्रो तिथून गेला होता. त्याच्या प्रवासवर्णनात या गावाची नोंद आहे.

1945 साली बिरव्याची वस्ती होती 1,460. त्यात 1,330 मुसलमान आणि 130 ख्रिस्ती. गहू आणि ऑलिव्ह पिकवणारी ही साधी शेतकरी माणसं. जून 1948 मध्ये इस्रायली सैन्यानं गाव घेतलं. लोक आजूबाजूच्या गावांत आसऱ्याला गेले. पण शेतात गहू कापणीला आला होता. शेतकऱ्याला घर सोडवतं एक वेळ, उभं पीक सोडवत नाही. मोजक्या बंदुका आणि कुऱ्हाडी-काठ्या घेऊन ते परतले आणि त्यांनी गाव परत मिळवलं. पण ते फार काळ टिकलं नाही. जून संपण्याआधीच गाव पुन्हा गेलं, ते कायमचं.

त्या वर्षी सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले. ओस पडलेली गावं चारशेवर आहेत. निर्वासितांना घरी परतू द्यावं, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी 11 डिसेंबर 1948 रोजी केला. तो कागदावरच राहिला.

बिरव्यातून निघालेल्यांत सात वर्षांचा एक मुलगा होता, महमूद दरवेश. पुढे तो अरबीतला मोठा कवी झाला. त्याचं कुटुंब लेबनॉनला गेलं आणि वर्षभरानं चोरवाटेनं परतलं. तोवर गाव पाडलं गेलं होतं. 1950 च्या कायद्यानं अशा लोकांना जे नाव चिकटलं त्याचा अर्थ होतो, 'हजर असलेले गैरहजर'. माणूस देशात हजर, पण त्याच्या घराच्या नि जमिनीच्या लेखी गैरहजर. मी शब्दांत वावरणारा माणूस आहे. पण इतका थंड शब्द माझ्या वाचनात दुसरा नाही.

शाळकरी वयात महमूदनं शाळेच्या समारंभात एक कविता वाचली. तुला घर आहे, मला नाही. तुला सण आहेत, मला नाहीत. आपण एकत्र का खेळू शकत नाही, असं त्यात एका ज्यू मुलाला विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी लष्करी अधिकाऱ्यानं बोलावून दम दिला. असं लिहीत राहिलास, तर बापाचं खाणीतलं काम जाईल!

बिरव्याच्या जमिनीवर 1949 साली यासूर ही वसाहत उभी राहिली आणि 1950 साली अहिहूद. अहिहूदमध्ये आले ते येमेनचे ज्यू. तेही आपली घरं मागे ठेवूनच आले होते. इथं मला माझं कोकण आठवतं. आमचे शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायल, 1948 नंतर मोठ्या संख्येनं तिकडे गेले. आमच्या शेजारचं एक घर असंच बंद झालं. जाताना त्या आजी माझ्या आईच्या गळ्यात पडून रडल्या. 'येईन गं,' म्हणाल्या. आणि खरंच, काही वर्षांनी आल्या. अंगणात बसल्या, विहिरीचं पाणी प्यायल्या, मराठीत भांडल्यासुद्धा. त्यांना कुणी अडवलं नाही, याचा मला आनंद आहे. पण त्याच वेळी मनात येतं, बिरव्याच्या आजीला हे का मिळू नये? एकाला घर मिळावं म्हणून दुसऱ्याचं जावं, हा हिशेब कुठल्या धर्मात बसतो?

दरवेश 9 ऑगस्ट 2008 रोजी अमेरिकेत वारले. दफन झालं रामल्लात. बिरव्यात उरली होती ती दोन-तीन घरं, दोन दर्गे, एक जुनी शाळा आणि निवडुंग. निवडुंग पूर्वी घरांच्या कुंपणाला लावत. घरं गेली, कुंपण पुन्हा पुन्हा उगवतं.

श्रोतेहो, तुमच्या गावाचं नाव आज एकदा मोठ्यानं घ्या. ज्यांचं गाव नकाशावर उरलेलं नाही, ते ही गोष्ट रोज करतात.