इंजिनाची ठकठक आणि तिची परीक्षा

बाजारांत माठ घेणारी गृहिणी तो आधीं बोटाच्या पेरानें वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का, आणि बद्द आला तर त्यास कोठें तरी चीर आहे, हें ज्ञान तिला कोणी शाळेंत शिकविलेलें नसतें. रेल्वेच्या स्टेशनांत गाडी थांबली असतां चाकांवर हातोडी मारीत जाणारा कामगारही याच विद्येच्या बळावर लोखंडांतील तडा ओळखीत असे. १८१६ सालीं पॅरिस येथें लेनेक नांवाच्या डॉक्टरानें कागदाची सुरळी रोग्याच्या छातीवर ठेवून हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्यांतूनच पुढें स्टेथॉस्कोप जन्मास आला. माती असो, धातु असो वा मनुष्यदेह असो, आंतील बिघाड पुष्कळदां आवाजाच्या रूपानें आपली वर्दी बाहेर पाठवितो. मोटारीचें इंजिन या नियमास अपवाद नाहीं. मात्र आवाज ऐकूं येणें ही एक गोष्ट, आणि त्याचा अर्थ बरोबर लावणें ही निराळी गोष्ट होय.

यवतमाळ जिल्ह्यांत हा अर्थ बरोबर लावण्यास विशेष महत्त्व आहे. वर्धा नदीपासून पैनगंगेपर्यंत पसरलेल्या या मुलखांत गांवें दूरदूर, पुसदकडील रस्ते डोंगराळ, आणि मे महिन्यांतील पारा ४५ अंशांच्या आसपास. लहानशा गांवांत एखादीच जीप असते. तीच बाजाराला जाते, तीच लग्नाचें वऱ्हाड नेते, आणि अपरात्रीं अडलेल्या बाईस यवतमाळच्या सरकारी रुग्णालयांत पोंचविण्याची वेळ आली म्हणजे लोक तिच्याच मालकाचें दार ठोठावतात. अशा गाडीचें इंजिन वाटेंत बंद पडलें तर नुकसान एकट्या मालकाचें होत नाहीं. उलट, किरकोळ दोषासाठीं सबंध इंजिन उघडलें गेलें, तर कापसाच्या एका हंगामाची शिल्लक त्यांत खर्चीं पडते. आवाजाकडे दुर्लक्ष करणें जितकें घातक, तितकेंच त्याला भिऊन उतावीळपणें खर्च करणेंही घातक होय.

परीक्षेचा पहिला प्रश्न असा कीं, आवाज खरोखर इंजिनाचाच आहे काय? गाडी सपाट जागीं उभी करावी, गिअर काढून ब्रेक ओढून ठेवावा, आणि इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. उभ्या गाडींत ठकठक मुळींच येत नसेल आणि रस्त्याच्या खड्ड्यांतच येत असेल, तर बहुधा दोष चाकांच्या बाजूच्या सांध्यांत किंवा स्प्रिंगांत असतो. उभ्या गाडींतही आवाज आला, तरी सायलेन्सरचा सैल पत्रा, इंजिन ज्यावर टेकलेलें असतें तें फाटलेलें रबर, किंवा ढिली झालेली पुली यांची तपासणी आधीं करावी. एका बोल्टाच्या दोषासाठीं पिस्टनला आरोपी करणें न्यायाचें नव्हे.

दुसरा प्रश्न तेलाचा. इंजिन बंद करून कांहीं मिनिटें थांबावें व पट्टी काढून तेलाची पातळी पाहावी. इंजिनांतील मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, बेअरिंगाच्या मऊ अस्तरांत फिरतो, पण तो त्या अस्तरास जवळजवळ शिवत नाहीं. मध्यें तेलाचा अत्यंत पातळ थर असतो व सारा भार तोच तोलतो. हा थर तुटला कीं धातूवर धातु घासूं लागते. म्हणून ठकठकीबरोबर समोरच्या फळीवरील तेलाचा तांबडा दिवाही लागला असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावें आणि पुढचें गांव कितीही जवळ असलें तरी तें पुनः चालू करूं नये. अशा वेळीं दुसऱ्या गाडीनें ओढून नेण्याचा खर्च हाच सर्वांत स्वस्त खर्च ठरतो.

तिसरा प्रश्न असा : आवाज केव्हां येतो? येथेंच निदानाचें खरें मर्म आहे.

भरलेली पेट्रोलची गाडी चढ चढत असतां, वरच्याच गिअरांत तिला रेटल्यास, बारीक खडे डब्यांत हलवावे तसा कणकण आवाज येतो. येथें कोणताही भाग सैल झालेला नसतो. प्लगच्या ठिणगीनें पेटलेली ज्वाला सिलिंडरांत पसरत असतां, कोपऱ्यांत उरलेला वायु दाबानें व उष्णतेनें आपोआप भडकतो आणि त्याचा धक्का भिंतींवर आदळतो. हें कोडें उलगडण्यासाठीं इंग्लंडांत रिकार्डो यांनीं आणि अमेरिकेंत केटरिंग व मिजले यांनीं मोठा खटाटोप केला. १९२१ सालीं मिजले यांस पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळल्यास ठकठक थांबते असें आढळलें. उपाय गुणकारी, पण विषारी होता. त्या शिशाचा धूर मुलांच्या मेंदूस अपाय करतो हें पुढें सिद्ध झालें, आणि भारतांत २००० सालीं असें पेट्रोल बंद झालें. जगांतील शेवटच्या देशांत, अल्जीरियांत, तें बंद व्हावयास २०२१ साल उजाडावें लागलें. इंधनाचा हा ठकठक रोखण्याचा गुण ऑक्टेन अंकानें मोजतात. पेट्रोलांत रॉकेलची भेसळ झाली कीं तो अंक घसरतो. इथेनॉलच्या मिश्रणानें मात्र, या एका बाबतींत तरी, तो वाढतो. यावर गृहस्थास करतां येण्याजोगे उपाय सोपे आहेत : चढावर वेळींच खालचा गिअर टाकावा, भार बेतानें भरावा, रेडिएटरचें पाणी पाहावें, आणि पेट्रोल खात्रीच्या ठिकाणीं घ्यावें. नव्या गाड्यांत ही ठकठक ओळखणारें एक लहानसें यंत्र इंजिनावरच बसविलेलें असतें. तें ठिणगी किंचित् उशिरा पाडून आवाज दाबतें. त्यामुळें ठकठक ऐकूं न येतां केवळ गाडीची ओढ कमी झाल्याचें जाणवतें.

डिझेलच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्यांत ठिणगी नसतेच. दाबानें तापलेल्या हवेंत फवारलेलें डिझेल क्षणभर थांबून एकदम पेटतें, म्हणून थोडी ठकठक हा तिचा स्वभावच आहे, आणि थंडीच्या सकाळीं ती अधिक ऐकूं येते. रोजच्यापेक्षां आवाज बदलला आणि काळा धूरही येऊं लागला, तर मात्र फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरची तपासणी करवावी.

इंजिनाच्या माथ्यावरून शिवणयंत्रासारखी हलकी टिकटिक येत असेल, तर ती बहुधा टॅपेटची. तेल पुरेसें करणें व टॅपेटमधील फट मोजून नीट बसविणें एवढ्यानें ती बहुधा जाते. थंड इंजिनांत येणारा आणि इंजिन तापतांच नाहींसा होणारा बद्द आवाज झिजलेल्या पिस्टनचा असूं शकतो. असें इंजिन तेलावर लक्ष ठेवून पुष्कळ दिवस चालवितां येतें.

भीति बाळगावी ती खालून येणाऱ्या, हातोडीच्या घावासारख्या जड ठोक्याची. इंजिनाच्या वेगाबरोबर जो वाढतो आणि इंजिन तापल्यावरही जात नाहीं, तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असण्याचा संभव मोठा. जुने मिस्त्री इंजिन मंद चालवून एकेक प्लग क्षणभर बंद करीत. ज्या सिलिंडरचें बळ थांबतांच ठोका सौम्य होई, तेथेंच दोष. नव्या गाड्यांत विजेचा दाब फार मोठा, शिवाय न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील शुद्धियंत्र बिघडवितें, म्हणून हा प्रयोग घरीं करूं नये. काढलेल्या तेलांत तांबूस वा रुपेरी कण चमकले, तर मात्र शंकेस जागा राहत नाहीं. या अवस्थेंत गाडी रेटल्यास रॉड तुटून इंजिनाचें कवच फोडतो, आणि जें काम बेअरिंगावर भागलें असतें त्यासाठीं नवें इंजिन घ्यावें लागतें.

ठिकाण शोधण्यासाठीं लांब पेंचकसाचें टोक कवचावर व मूठ कानाशीं धरण्याची रीत आहे. ती उपयुक्त खरी, परंतु फिरता पंखा व पट्टा यांपासून उपरणें, पदर आणि हात दूर ठेवूनच.

ज्यांच्या घरीं गाडी आहे त्या श्रोत्यांनीं मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं चार गोष्टी कागदावर टिपून ठेवाव्या : आवाज थंडींत कीं तापल्यावर, चढावर कीं उभ्या गाडींत, माथ्यावरून कीं तळाकडून, आणि तेल किती होतें. जाणत्या मिस्त्रीचें अर्धें काम तो कागद करतो. आणि "इंजिन खोलावें लागेल" असें कोणी न ऐकतांच सांगूं लागला, तर ते चार प्रश्न त्यालाच विचारावे.