बावखलाच्या काठी
(महोत्सवानिमित्त भरलेल्या धर्मग्रामाच्या सभेत वाचलेले भाषण)



चित्रपटकलेचे आम्ही पाच विद्यार्थी २०२४ च्या मे महिन्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत वसईतील आपल्याच एका आळीत तिपाई, कॅमेरा व ध्वनियंत्र घेऊन वावरत होतो. त्या वावरण्यातून निघालेला माहितीपट चौदा मिनिटांचा आहे. त्याविषयी या सभेत बोलावे अशी आज्ञा झाली, ती आम्ही आनंदाने शिरोधार्य मानतो.

बावखल म्हणजे काय, हे येथे कोणास सांगावयास नको. परंतु ज्यांनी ते कधी पाहिले नाही अशांसाठी आमचे चित्र आहे आणि पहिली अडचण तेथेच उभी राहिली. बावखलाचे खरे काम जमिनीखाली चालते. पावसाचे गोडे पाणी त्यात साठते, वाळूतून झिरपते व आसपासच्या विहिरींस मिळते. गोडे पाणी खाऱ्याहून थोडे हलके असते, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडे पाणी टिकले, तर खाली सुमारे ४० हात गोड्या पाण्याचा थर राहू शकतो, असे शास्त्र सांगते. वरचा तो हात गेला की खालून खारे पाणी चढू लागते. हे सर्व खरे. पण कॅमेऱ्यास जमिनीखालचे दिसत नाही, त्यास काय करावे?

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीत लाविलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून काही क्षणांत दाखविली होती. तोच मार्ग आम्ही पत्करला. चुन्याच्या खुणा केलेला एक बांबू बावखलात रोवला, काठावरचा एक दगड ठरविला आणि दर रविवारी सकाळी सात वाजता त्याच दगडावरून तेच चित्र घेतले. जुलैत पाऊस असा कोसळला की छत्री कॅमेऱ्यावर धरावी लागे व माणसे भिजत. पडद्यावर हे सहा महिने पन्नास सेकंदांत सरतात. बांबूवरच्या खुणा एकामागून एक बुडताना पाहून घरमालकीण आजी म्हणाल्या, "हे तर आम्ही रोज बघतो, पण असं कधी बघितलं नव्हतं." एवढे प्रशस्तिपत्र आम्हांस पुरे आहे.

ध्वनीची कथा निराळी. पहाटे पाचला बेडूक व पाखरे ऐकू येतात. सहाला शेजारचा विजेचा पंप सुरू होतो. पंप थांबवा म्हणावे, तर केळीस पाणी कोण देणार? म्हणून आम्हीच चारला उठू लागलो.

खरा वाद रहाटावरून झाला. आजोबांच्या पडवीत जुन्या रहाटाचे चाक व लाकडाची पन्हळ पडून आहे. गाडगी तेवढी फुटून गेली. रहाट पुन्हा उभारून चित्र घ्यावे, असे आमच्यातील दोघांचे म्हणणे पडले. दाखलाही थोर होता. १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या चित्रपटासाठी रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी आत उजेड यावा म्हणून बर्फाचे घर अर्धेच बांधविले होते आणि तो चित्रपट आज जगभर अभ्यासिला जातो. दोन रात्री आम्ही भांडलो. शेवटी आजोबांसच विचारले. ते म्हणाले, "चाक उभं करीन रे पोरांनो. पण बैल कुठून आणाल? आणि आणलात तरी तो तुमच्यासाठी फिरेल, वाडीसाठी नाही." चित्रात आता पडवीतले चाक आहे आणि माळ कशी वर येई, पाणी पन्हळीत कसे पडे, हे दाखविणारे आजोबांचे दोन हात आहेत. नव्या रहाटापेक्षा ते हात अधिक बोलतात, असे आमचे मत आहे. त्या दोघांचे अद्याप नाही.

आता नाजूक गोष्ट. या बावखलाचा अर्धा भाग बुजवून तेथे घर बांधावे, असा घरातील धाकट्या मुलाचा विचार आहे. विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ नये, हिरवा पट्टा टिकावा, यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचा लढा झाला, हे त्या मुलास आम्हांहून अधिक ठाऊक आहे. तीन महिने तो कॅमेऱ्यासमोर आला नाही. एके संध्याकाळी आपण होऊन बाकावर येऊन बसला व म्हणाला, "दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. जमीन विकून बाहेर गेलो असतो तर तुम्ही चित्र काढायला आला नसता. आम्ही राहिलो, म्हणून जागा लागते." आमच्या एका मार्गदर्शकांनी हा भाग गाळण्याचा सल्ला दिला, त्याने चित्राचा जोर कमी होतो, असे त्यांस वाटले. आम्ही तो एक मिनिट चाळीस सेकंद जसाच्या तसा ठेविला आहे. बावखल वाचावे अशीच आमची इच्छा आहे. परंतु त्याच्या काठी राहणाऱ्यास बोलू न देता ती इच्छा पडद्यावर मांडणे आम्हांस रुचले नाही. घराचा निर्णय अजून व्हावयाचा आहे. आजी व तो मुलगा या सभेत बसले आहेत. चित्र त्यांनी आधी पाहिले व दाखविण्यास संमती दिली.

सभा आटोपल्यावर शाळेच्या पटांगणात पडदा लागेल. पहिल्या दीड मिनिटात एकही शब्द नाही, केवळ काळोख व बेडूक आहेत. तेव्हा यंत्र बिघडले असे समजून कोणी उठू नये, ही विनंती.