हक्काची सनद आणि सरकारी खजिना



मोर्णेकाठच्या या कापसाच्या पेठेत आपले स्वागत करण्याचा बहुमान स्वागतसमितीने मजकडे सोपविला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. आमच्या सरबराईत वऱ्हाडचे ऊन तेवढे मुबलक असेल, बाकीच्या उणिवा आपण पोटात घालाव्यात.

नागरी हक्कांचा झगडा या मुलखास नवखा नाही. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर असताना, नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, पुढे डॉ. पंजाबराव देशमुखांनी जिल्हा कौन्सिलाच्या अध्यक्षपदावरून सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या; आणि १९४७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळाने या दोन्ही हक्कांना कायद्याचे अधिष्ठान दिले. १९५५ च्या मध्यवर्ती अधिनियमाने त्या कायद्यांची जागा घेतली, आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्याला ‘नागरी हक्क संरक्षण’ हे नाव देऊन पीडितांस कायदेविषयक साहाय्य पुरविण्याची जबाबदारी राज्य सरकारांवर टाकली.

जातपंचायतींच्या जुलमाविरुद्ध आपल्या विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला व तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट होय. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, दोषारोपपत्रापासून सहा महिन्यांत निकाल, अशी त्याची कलमे कडक आहेत. परंतु ज्या कुटुंबाला किराणा मिळेनासा होतो, ज्याची मजुरी तुटते, आणि ज्याला तारखेच्या दिवशी रोजी बुडवून कचेरी गाठावी लागते, त्याला दंडाच्या रकमेतून भरपाई मिळायची ती गुन्हा शाबीत झाल्यावर; उपासमार मात्र फिर्यादीच्या दुसऱ्याच दिवशी दाराशी उभी राहते. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत फिर्याद नोंदताच साहाय्याचा पहिला हप्ता देण्याची तजवीज आहे. परंतु तो कायदा या जाती-जमातींबाहेरच्यांनी केलेल्या अत्याचारांपुरताच असल्याने, स्वजातीच्याच पंचांनी वाळीत टाकलेल्यास त्याचा आधार मिळत नाही.

म्हणून परिषदेने केवळ शिक्षा वाढविण्याची मागणी करून थांबू नये. बहिष्कृत कुटुंबास तत्काळ मदत, साक्षीदारास प्रवासखर्च व बुडीत मजुरी, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष, असा ठराव तिने करावा. कारण ज्या हक्कामागे खजिन्याचा रुपया नाही, तो बजावण्याचा खर्च अखेर गरिबाच्याच माथी बसतो.

आपणा सर्वांचे पुनश्च स्वागत करून, अध्यक्षमहाराजांनी परिषदेच्या कामास आरंभ करावा, अशी विनंती करतो.