खाडीकाठचा बेलीपाटा



रायगड जिल्ह्याच्या खाडीकाठी भेंड कोणाला ठाऊक नाही? मात्र त्याच जास्वंद कुळातील, दिसावयास बराचसा तसाच असलेला बेलीपाटा पाहूनही ओळखला जात नाही. खारफुटीची जमिनीकडील कड हे त्याचे ठिकाण. भेंडाच्या मानाने तो विरळच. आणि बांधाचे अथवा रस्त्याचे काम निघाले की निरुपयोगी झुडूप समजून त्याच्यावर कोयता चालण्याची भीती असते.

वस्तुतः ओळख अवघड नाही. पान दोहोंचेही हृदयाकृती. परंतु भेंडाचे गुळगुळीत, तर बेलीपाट्याच्या पानाची खालची बाजू पांढुरक्या लवेने मऊ. भेंडाचे फळ बहुधा न उकलताच वाळते. याचे बोंड पाच शकलांनी उकलते. सकाळी उमललेले पिवळे फूल, मध्यभागी गडद किरमिजी, दिवस कलता कलता नारिंगी-तांबूस होऊन गळून पडते. शाळेतील मुलांना हे एका दिवसाचे आयुष्य झाडाखाली नेऊनच दाखवावे. पुस्तकातील चित्राला ते साधणार नाही.

याच्या बिया खाऱ्या पाण्यावर तरंगत दूर जातात. पॅसिफिकमधील बेटांवरही हे झाड आहे व तेथे त्याच्या सालीच्या वाखाचे दोर वळले जात.

उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीस मनाई केली. २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. बेलीपाटा मात्र खारफुटीचा केवळ सहचर गणला जातो, म्हणून नजरेतून निसटतो. तेव्हा बांधाच्या डागडुजीपूर्वी पंचायत सदस्यांनी शिक्षकांसह त्या कडेने फेरी मारावी, पाने उलटून पाहावीत, झाड आढळेल तेथे चुन्याची खूण करावी आणि मगच मजूर लावावेत.