उतारशाळेचा रखवालदार

आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

कापूरबावडीच्या सिग्नलवर मी पाऊण तास अडकले होते. माजिवडेकरांना त्याचं काय कौतुक! नाशिककडचे ट्रक, घोडबंदरचे डंपर आणि त्यांच्यामधून निसटणारे दुचाकीवाले, सगळे एकाच नाक्यावर. तिथं कुणी पडलं आणि कुणी त्याला उचललं, तर उचलणाऱ्यावर आता नाव सांगायची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४-अ हे कलम आलं. त्यात या माणसाला म्हटलंय 'गुड समॅरिटन'. लूकच्या शुभवर्तमानातला तो चांगला शोमरोनी थेट आपल्या कायद्यात येऊन बसलाय.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. जखमी माणसाला बघून याजक वाट सोडून गेला, लेवीही गेला. परका शोमरोनी मात्र थांबला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, त्याला उतारशाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी रखवालदाराच्या हातावर दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी ठेवली, जास्तीचं परत येताना देईन म्हणाला आणि तो निघून गेला. प्रवचनं इथं संपतात. मला मात्र त्या रखवालदाराची काळजी वाटते. पट्ट्या बदलणं, पेज भरवणं, रात्री कण्हणं ऐकून उठणं, हे सगळं त्याच्या वाट्याला आलं. तेही पगारी. तुम्ही सगळे तेच आहात.

मी शिकत असताना एका रात्रपाळीत जपमाळ ओढत बसले होते. एका आजोबांची घंटा वाजली. हे दशक पूर्ण करते आणि उठते, असं म्हटलं. पोचेपर्यंत अंथरूण ओलं झालं होतं आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. इन्चार्ज सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं, एवढंच.

चादर बदलण्यासारख्या सत्कर्मांनी तारण विकत मिळत नाही, हे खरंच. त्यावरून ख्रिस्ती लोक शतकानुशतकं भांडले. याकोबाच्या पत्रात कर्मांवर भर आहे म्हणून ल्यूथरनं त्याला पेंढ्याचं पत्र म्हटलं. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी एकत्र सही केली: तारण कृपेनं मिळतं, सत्कर्म तिच्यामागून येतं.

पंडिता रमाबाईंनी हे आपल्या केडगावात आधीच जगून दाखवलं होतं. १८८३ साली बाप्तिस्मा झाला, तरी ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थानं काही वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यानंतर त्यांची कामं कमी नाही झाली, वाढलीच. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. आणणं ही बातमी झाली. पण दुसऱ्या सकाळचं काय? त्या मुलींना नुसतं जेवू घालून भागणार नव्हतं. मग विणकाम आलं, शेती आली, अंध मुलींसाठी बोटांनी वाचायची लिपी आली. छापखान्यात मुली टाइप जुळवायला शिकल्या आणि रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल तिथंच छापलं गेलं. रमाबाई १९२२ साली गेल्या. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पहाटे उठून पाणी तापवणाऱ्या बायकांची नावं मात्र मला कुठं सापडली नाहीत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची पहिली ड्यूटी रात्रीचीच लागेल. सकाळी हँडओव्हर देताना, बेड नंबर अमुक, एवढ्यावर थांबू नका. रात्री कुणाला झोप लागली नाही, तेही सांगा.

शोमरोनी परत आला तेव्हा हिशेब किती निघाला, ते लूकनं लिहिलेलं नाही.