भाकरी मोजा, रक्तही मोजा

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आम्ही मालवण किनाऱ्याकडची माणसं. तुमच्याकडे पऱ्हाटी आणि ज्वारी, आमच्याकडे भात, नारळ, मासळी. तुमच्यापुढे उभं राहून आम्ही काय सांगणार? पण एक पीक आता दोन्हीकडे न पेरता उगवतंय, ते म्हणजे मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. शहरात शंभरात १६ आणि खेड्यात शंभरात जवळपास ९ मोठ्या माणसांना तो निघाला.

'आम्ही उन्हात राबतो, अंगावर मांस नाही, आम्हाला कशाला होतोय?' आमचे वडीलही हेच म्हणायचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची आणि त्यांच्या बाळांची पाहणी केली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, विलायतेतली ३.५ किलोची. पण आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगात चरबी मात्र त्या मानाने जास्त. तेव्हा बारीक अंगावर भरवसा ठेवू नका.

वडिलांनी चहातली साखर सोडली आणि पथ्य झालं असं मानलं. सकाळी पेज, दुपारी भाताचा ढीग, रात्री पुन्हा भात. तपासणीच्या आधी दोन दिवस मात्र भात बंद! उपाशीपोटीचा आकडा चांगला यायचा, घरात सगळे खूश. एका पावसाळ्यात पायाला शिंपला कापला, त्यांना कळलंच नाही. पायाची जाणीव गेलेली. अंगठा काढावा लागला. तेव्हा एचबीएवनसी ही तपासणी झाली. ती साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, दोन दिवसांच्या उपासाने फसत नाही. साडेसहाच्या वर गेली की मधुमेह. वडिलांची दहा निघाली.

मग आम्ही मीटर घरात आणला. पहिल्या घासापासून दोन तासांनी बोट टोचायचं आणि वहीत लिहायचं. पेजेनंतर २४०. भात निम्मा करून बरोबर बांगडा, कुळथाची उसळ आणि भाजी घेतली त्या दिवशी १६५. माणूस तोच, गोळी तीच. हे आमच्या घरचे आकडे. तुमचे वेगळे येतील, म्हणून तर मोजायचं.

तुम्ही म्हणाल, आम्ही ज्वारी खातो. चांगलंच करता. पण शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम पिष्ट असतं आणि पोटात त्याची साखरच होते. चार भाकरी आणि पातळ वरण खाल्लं तर ज्वारी वाचवणार नाही. दोन भाकरी, घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, पालेभाजी, कांदा, असं ताट करून बघा आणि दोन तासांनी मोजा. १८०च्या आत आलं तर ठीक.

जेवण कमी केलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका. तीच गोळी आणि अर्धं जेवण यानेही घात होतो, साखर एकदम उतरते. फवारणी करताना घाम फुटला, हात थरथरले, तर ही उतरलेली साखर की औषधाची विषबाधा? २०१७ साली यवतमाळात काय झालं ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. पंप खाली ठेवा, हात-तोंड साबणाने धुवा, मीटर लावा. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा बरा असेल किंवा मीटरच नसेल, तर वाट न बघता दवाखाना. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका.

आणि ज्वारीच्या धसकटातून अनवाणी फिरणं सोडा. रात्री तळपाय दिव्याखाली बघा. स्वतःला दिसत नसेल तर घरधनिणीला दाखवा, त्यात लाज कसली?

तिशी ओलांडलेल्यांची साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. आज मीटर इथेच आणला आहे, मंडपाच्या डाव्या बाजूला. प्रत्येकाला नवी सुई. एक वाजता जेवायला बसलेल्यांनी तीनला यावं, आणि ताटात काय होतं ते खरं सांगावं.