पोटातल्या जंतूंची देवघेव



१९५५ साली हाँगकाँगहून जपानला परतलेल्या एका बाईला रक्ती आव लागली. तसे यात नवल काहीच नव्हते. आव त्या काळी जपानात पुष्कळ होती आणि तिच्यावर औषधेही होती. परंतु या बाईच्या शौचात जे जंतू सापडले ते सल्फाला दाद देईनात, स्ट्रेप्टोमायसिनला देईनात. टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल यांचीही तीच गत. चारही औषधे एकदम फुकट! पुढच्या दोनचार वर्षांत असे जंतू जपानात जागोजाग आढळू लागले.

तुम्ही म्हणाल, जंतू औषधाला सरावतात हे तर आम्ही ऐकूनच आहोत. हा 'सरावणे' शब्द मला काही पसंत नाही. जंतू म्हणजे अफूबाज नव्हे, की रोज थोडी थोडी घेऊन अंगवळणी पडावी. खरे घडते ते असे. एका जंतूचे दोन, दोनांचे चार होताना त्यांच्या आनुवंशिक द्रव्यात क्वचित एखादी चूक होते. त्या चुकांपैकी एखादीमुळेच त्या जंतूवर औषध चालेनासे होते. औषधाने बाकीचे मरतात, हा उरतो आणि मोकळ्या रानात त्याचाच वंश वाढतो.

पण एवढ्याने जपानचे कोडे सुटत नाही. गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालून पाहावे. एका औषधाविरुद्धची चूक एक कोटी जंतूंत एकदा होते असे धरा. मग दोन औषधांविरुद्धच्या चुका एकाच जंतूत एकदम व्हायला किती जंतू लागतील? कोटी गुणिले कोटी, म्हणजे एकावर चौदा शून्ये. चार औषधांसाठी एकावर अठ्ठावीस शून्ये. एवढे जंतू तागडीत घातले, तर सुमारे हजार कोटी टन भरतील! माणसाच्या पोटात ते कुठून येणार? बरे, एकेक औषध देत गेल्यावर एकेक चूक साठत गेली म्हणावे, तर कित्येक रोग्यांनी औषध घेतले होते एकच, आणि जंतू मात्र चारांनाही दाद देत नव्हते.

धागा सापडला तो भलत्याच ठिकाणी. आवेच्या जंतूला शिगेला म्हणतात. १८९७ साली तो शोधणाऱ्या कियोशी शिगा या जपानी संशोधकावरून हे नाव पडले. पण आपल्या आतड्यात दुसराही एक जंतू जन्मभर मुक्कामाला असतो, ई. कोलाय. त्याच्या बहुतेक जाती अगदी गरीब स्वभावाच्या. याच रोग्यांच्या शौचातले ई. कोलाय तपासले, तेव्हा तेही त्याच चार औषधांना पुरून उरणारे निघाले. १९५९ साली तोमोइचिरो अकिबा आणि कुनितारो ओचिआई यांनी आपापल्या प्रयोगशाळेत हे पडताळून पाहिले. औषधाला न जुमानणारे ई. कोलाय आणि औषधाने मरणारे शिगेला एकाच नळीत वाढवले. काही वेळाने शिगेलाही चारही औषधांना पुरून उरू लागले! जंतू गाळून काढून नुसते पाणी घातले, तर मात्र काही होईना. जंतूला जंतू चिकटावा लागतो. १९६३ साली त्सुतोमु वातानाबे यांनी या संशोधनावर इंग्रजीत सविस्तर लेख लिहिला, तेव्हा कुठे जगाचे तिकडे लक्ष गेले.

चिकटल्यावर देतात तरी काय? जंतूच्या मुख्य आनुवंशिक द्रव्याखेरीज त्याच्या पोटात त्याच द्रव्याची लहानशी, बांगडीसारखी मिटलेली कडी असू शकते. तिला प्लास्मिड म्हणतात. एक जंतू दुसऱ्याकडे बारीक दोरीसारखा धागा टाकतो, त्याला जवळ ओढतो आणि कडीची नक्कल त्याला देतो. स्वतःची कडी त्याच्यापाशी राहतेच. पूर्वी शेजारघरून चुलीला विस्तव आणीत, तसेच हे. देणाऱ्याची चूल काही विझत नसे. आणि जातपातही आड येत नाही, ई. कोलाय शिगेलाला देतो, शिगेला आणखी कुणाला.

कडीवर औषध निकामी करण्याच्या युक्त्या कोरलेल्या असतात. टेट्रासायक्लिन आत आले की पंपाने पाणी उपसावे तसे ते बाहेर फेकायचे. क्लोरॅम्फेनिकॉलला असे एक शेपूट जोडायचे, की त्याचा काही उपयोग उरू नये. या युक्त्या सुट्या नसतात, एका जुडीत बांधलेल्या असतात. सगळी मेख इथेच आहे, बरं का! चारांपैकी कोणतेही एक औषध घेतले, तरी ज्यांच्यापाशी जुडी आहे तेच जंतू तगतात, आणि उरलेल्या तीन औषधांविरुद्धच्या युक्त्याही आपसूक राखल्या जातात.

आता हे आपल्या घरी आणून पाहा. सर्दीपडसे झाले, दुकानातून टेट्रासायक्लिनच्या चार गोळ्या आणल्या. सर्दी विषाणूची, तिच्यावर या गोळ्यांचा काडीचा परिणाम होत नाही. पण गोळी आतड्यातून जाते. तिथले भोळे ई. कोलाय मरतात, जुडीवाले पसरतात. माणसाला काही कळत नाही. तो ठणठणीत असतो. पुढे पावसाळ्यात विहिरीचे पाणी बिघडले, त्यातून शिगेला पोटात गेला, तर त्याला शस्त्रे द्यायला शेजारी तयारच! म्हणून साध्या जुलाबाला आधी मीठसाखरेचे पाणी द्यावे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शौचातून रक्त पडत असेल, तर मात्र घरगुती उपाय करीत बसू नये; डॉक्टर गाठावा.

हा व्यवहार माणसाच्या पोटापुरता नाही. डुकरे, कोंबड्या, वासरे यांच्या आतड्यांतही तो चालतो. कोलिस्टिन हे औषध डॉक्टर अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. पण कित्येक देशांत ते जनावरांच्या खाद्यात मिसळले जात असे. २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी जाहीर केले, की कोलिस्टिनला हरवणारी युक्तीही आता अशा कडीवर चढली आहे, डुकरांच्या ई. कोलायमध्ये ती मिळाली आणि रुग्णालयांतल्या रोग्यांतही. चीनने २०१७ साली जनावरे वाढवण्यासाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे थांबवले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांकरिता आणि कोंबड्यांकरिता त्याची विक्री बंद केली. चीनमध्ये बंदीनंतर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा डुकरांत आणि माणसांतही असे जंतू बरेच कमी झालेले दिसले. नाहीसे मात्र झालेले नाहीत.